पिठाचा कोंबडा

उज्जयिनीच्या यशोधर राजाचं मन संसारावरून उडालं होतं. राणीचं वागणं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. राज्य सोडून निघायचं, तर आईला कारण काय द्यायचं? म्हणून सकाळी त्याने आईला एक वाईट स्वप्न पडल्याचं सांगितलं. आई चंद्रमती घाबरली. अरिष्ट टाळायचं असेल तर देवीला जीव द्यायलाच हवा, असा तिने हट्ट धरला. राजा जीव घ्यायला तयार होईना, आई मागे हटेना. शेवटी तडजोड ठरली. पिठाचा कोंबडा करायचा आणि तो देवीपुढे कापायचा. जीवही जाणार नाही, देवीचा मानही राहील. राजाने तलवार चालवली. रक्ताचा थेंब सांडला नाही.

पुढे राणीने राजाला आणि सासूला विष घातलं आणि तिथून कथेचा खरा भाग सुरू झाला. मायलेक जन्मोजन्म जनावरांच्या योनींत फिरत राहिले. मोर आणि कुत्रा झाले, पाण्यातले जीव झाले, बोकड आणि रेडा झाले, कोंबडे झाले. दर जन्मी कुणाच्या ना कुणाच्या हातून मेले. त्यांच्याच मुलाने त्यांच्या नावाच्या श्राद्धासाठी त्यांनाच मारून रांधायला लावलं. एका पिठाच्या गोळ्यापायी एवढी फरफट कशासाठी, हे विचारल्याशिवाय ही कथा वाचून होत नाही. कथेचं उत्तर सरळ आहे. हात पिठावर चालला, पण मन कोंबड्यावर चाललं होतं. वार करताना राजाने त्या पिठात जीव कल्पिला आणि मगच तो कापला. हत्या तिथेच पुरी झाली.

ही कथा अपभ्रंश भाषेत सांगितली पुष्पदंताने, दहाव्या शतकात. प्राकृत मागे पडत होती आणि आपली मराठी आकाराला येत होती, त्या मधल्या काळातली ही भाषा. पुष्पदंत राहायचा राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटात, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडात. राष्ट्रकूटांच्या मंत्र्याच्या घरी त्याला आश्रय होता. काव्याचं नाव ‘जसहरचरिउ’. आणि हे काव्य विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आलं, त्यात मोठा वाटा वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या जैन मंदिरांमधल्या पोथ्यांचा. जिल्ह्यातल्याच मानोऱ्याहून एसटीने कारंजा म्हणजे फार लांबचा पल्ला नाही. तुरीच्या आणि कपाशीच्या रानातून रस्ता जातो. मानोऱ्याच्या एका अंगाला हे कारंजा आणि दुसऱ्या अंगाला, तालुक्यातच, बंजाऱ्यांची पोहरादेवी. मध्ययुगातल्या माणसाने बरं-वाईट कशावरून ठरवलं, याचा शोध घ्यायला मला याहून चांगला मुलूख ठाऊक नाही.

मध्ययुगीन नीतीचा विषय निघाला की आपल्याकडे एक तर मनुस्मृती आणि तिच्या टीका उघडल्या जातात, नाही तर युरोपातल्या मठांची आठवण काढली जाते. वऱ्हाडातल्या या पट्ट्याकडे कुणी वळत नाही. पण दहाव्या शतकापासून अठराव्यापर्यंत इथे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. पाप हातात असतं की मनात? आणि ते मनात असेल, तर हाताने पाळायच्या नेमांचं करायचं काय?

या प्रश्नाचं मूळ यज्ञात आहे. पूर्वमीमांसेचं म्हणणं असं, की धर्म म्हणजे वेदाने घालून दिलेली आज्ञा. वेद सांगतो ते करणं हाच धर्म, मग त्यात पशू मारावा लागला तरी. यज्ञातली हिंसा ही हिंसाच नव्हे, कारण ती विधीने सांगितलेली. जैन विचार याच्या नेमक्या उलट बाजूला उभा राहिला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे, ती बेसावधपणापाशी सुरू होते: प्रमादाने, विकाराच्या भरात दुसऱ्याचे प्राण घेणं ती हिंसा. पुढच्या आचार्यांनी तिची दोन अंगं वेगळी केली, द्रव्यहिंसा आणि भावहिंसा. जीव प्रत्यक्ष गेला ती पहिली. तो घ्यावा असं मनात आलं ती दुसरी, आणि कर्म चिकटतं ते मुख्यतः या दुसरीमुळे. सावधपणे पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली नकळत एखादी मुंगी गेली तर तो हिंसक ठरत नाही. पिठाचा कोंबडा कापणारा राजा मात्र ठरतो. पुष्पदंताने एक अख्खं शास्त्र कोंबड्याएवढ्या पिठात मळून दिलं.

पिठाच्या पशूची युक्ती तरी केवळ कथेतली होती का? नव्हती. तेराव्या शतकात कर्नाटकात मध्वाचार्यांनी यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू वापरावा असा पुरस्कार केला आणि त्यांच्या परंपरेत तो रूढ झाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकाच तोडग्याकडे दोन परंपरा पाहतात. एकीला त्यात वाचलेला पशू दिसतो, दुसरीला शाबूत राहिलेला मारण्याचा हेतू. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत. बोकडाच्या बाजूने पाहिलं तर मध्वाचार्यांनी त्याला वाचवलं. माणसाच्या मनाच्या बाजूने पाहिलं तर पुष्पदंताचा प्रश्न तसाच उभा राहतो.

बाराव्या शतकात पॅरिसच्या बाजूला पीटर अ‍ॅबेलार्ड नावाच्या ख्रिस्ती पंडिताने असंच काहीसं लिहिलं होतं. पाप कृतीत नसून मनाने दिलेल्या रुकारात असतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मतांवर धर्मसभेने ठपका ठेवला. त्याला पुष्पदंत ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्या ज्या समाजात धर्माचे नेम फार वाढले, तिथे कुणी तरी उठून हेतूकडे बोट दाखवलं, एवढं दिसतं.

आता कारंजा. दिगंबर जैनांच्या तीन भट्टारक परंपरांच्या गाद्या या एका गावात होत्या: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. नाव ऐकून दचकू नये. बलात्कारगण हे मुनिसंघाचं जुनं नाव आहे, आजच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही. व्यापाऱ्यांचं गाव. भट्टारक हे वस्त्र धारण करणारे धर्मगुरू, मठ सांभाळायचे, पूजा-प्रतिष्ठा करायचे आणि पोथ्या जपायचे. या पोथ्या जमल्या कशा, हे पाहिलं की नीतीचा धागा वेगळ्याच बाजूने हाती लागतो. जैन श्रावकाला चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. शास्त्रदान म्हणजे पोथी लिहवून घेऊन मुनीला किंवा मंदिराला देणं. एखादं व्रत पुरं झालं की घरातली बाई एक पोथी लिहवून द्यायची. पोथीच्या शेवटी कुणी, कुणासाठी, कधी लिहवली याची नोंद व्हायची. म्हणजे मंदिरातलं ग्रंथालय हे सुद्धा एका नैतिक नेमाचं फळ. दान द्यायचं म्हणून पोथी उतरवली गेली आणि पोथी उतरवली म्हणून नऊशे-हजार वर्षांनी आपल्याला यशोधराचा कोंबडा भेटला.

यात घरसंसार करणाऱ्यांसाठीचे ग्रंथही होते. ‘सावयधम्मदोहा’ हा त्यातला एक, श्रावकाने कसं राहावं ते दोह्यांत सांगणारा. श्रावकाची बारा व्रतं: पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं. मुनीची महाव्रतं ज्याला झेपत नाहीत त्याच्यासाठी बेताने कमी केलेली. व्यापाऱ्याने वजनमाप खोटं करू नये, चोरीचा माल घेऊ नये, मिळकतीला आपणच मर्यादा घालावी आणि कुठवर प्रवास करायचा तेही ठरवून घ्यावं. हे वाचताना मला नेहमी कारंज्याची बाजारपेठ दिसते. तराजू समोर टांगलेला असताना पाळायची ही नीती आहे. आणि हे वऱ्हाडात नवं नव्हतं. दहाव्या शतकाच्या अखेरीला हरिषेण नावाचा कवी चित्तोडहून अचलपुरात आला आणि तिथे त्याने ‘धम्मपरिक्खा’ लिहिली. धर्माच्या नावाने जे सांगितलं जातं ते तपासून घ्यावं, हाच तिचा विषय.

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचं राज्य होतं आणि वऱ्हाडही त्यांच्याच अंमलाखाली होता. महादेवराय आणि रामदेवराय यांच्या पदरी हेमाद्री हा श्रीकरणाधिप होता. आपण त्याला हेमाडपंत म्हणतो आणि देवळांवरून ओळखतो. पण त्याचं खरं थोर काम म्हणजे ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ. व्रतं, दानं, तीर्थं, श्राद्ध यांविषयी स्मृतींनी आणि पुराणांनी जे जे म्हटलं ते त्याने एका जागी आणून मांडलं. दानाची अंगं सहा: देणारा, घेणारा, श्रद्धा, देय वस्तू, देश आणि काल. कोणत्या ग्रहणाला, कोणत्या नदीकाठी, कोणत्या ब्राह्मणाला काय दिलं असता कोणतं पुण्य, याचा हा तपशीलवार हिशेब. राजाने स्वतःच्या भारंभार सोनं द्यावं तो तुलापुरुष, इथपासून. हेमाद्रीची विद्वत्ता अफाट होती यात शंका नाही, आणि त्याच्या हिशेबात श्रद्धेलाही जागा आहे. तरी माझ्या मते त्या जागेत गरिबाला पाय ठेवायला वाव नाही. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, ज्याच्याकडून कुणी घेणार नाही, जिला वेदाचा अधिकार नाही, अशांच्या चांगुलपणाची नोंद कुठल्या खंडात करायची?

हा प्रश्न हेमाद्रीच्याच काळात, त्याच मुलखातून पायी फिरणाऱ्या एका माणसाने उभा केला. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाला आणि रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या भेटीनंतर परत गेलाच नाही. आपण त्यांना चक्रधरस्वामी म्हणतो. वऱ्हाडात, गोदाकाठी, मेहकर-लोणारच्या बाजूला ते हिंडले, भिक्षा मागून जेवले, झाडाखाली आणि पडक्या देवळांत राहिले. त्यांनी एक ओळही लिहिली नाही. ते बोलले आणि बोलले ते मराठीत.

त्यांचा ससा मला पिठाच्या कोंबड्याइतकाच जवळचा आहे. रानात पारधी सशामागे लागले होते. ससा पळत आला आणि बसलेल्या स्वामींच्या गुडघ्याखाली शिरला. पारधी म्हणाले, हा पैजेचा ससा आहे, सोडा. स्वामींनी सोडला नाही. शरण आलेल्याला मरणाच्या हाती देता येत नाही, असं सांगितलं. रानातलं गवत खाऊन ओढ्याचं पाणी पिणाऱ्याने तुमचं काय घेतलं, म्हणून विचारलं. पारध्यांची मनं वळली. मग स्वामींनी गुडघा उचलला आणि एखाद्या थोर माणसाला निरोप द्यावा तसा त्या सशाला आदराने निरोप दिला. या गोष्टीत पुण्याचा हिशेब नाही, ग्रहण नाही, तीर्थ नाही. घेणारा आहे ससा, आणि देय वस्तू आहे गुडघ्याखालची जागा. चार दानांतलं अभयदान ते हेच. जैनांच्या यादीतलं असलं तरी इथे ते यादीतून उतरून मांडी घालून बसलं आहे.

यामागचं तत्त्वज्ञान कोरडं वाटेल, पण ते टाळता येत नाही. स्वामींच्या मागे त्यांचा पंथ महानुभाव म्हणून ओळखला गेला, त्याच्या दर्शनात चार पदार्थ नित्य मानले आहेत: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही एकमेकांहून वेगळे, एकाचा दुसरा कधी होत नाही. देवता फळ देतात, पण त्या फळाला अंत असतो. स्वर्ग मिळतो आणि संपतो. सोडवणारा एकटा परमेश्वर. हे एकदा मान्य केलं की हेमाद्रीच्या सगळ्या व्रतदानांचा पाया हलतो. त्या व्रतांचं पुण्य खोटं नाही, पण ते सुद्धा बांधणारं. आणि जीव हा नित्य, स्वतंत्र पदार्थ असेल, तर ब्राह्मणाचा जीव मोठा आणि बाईचा छोटा असं म्हणताच येत नाही. स्त्रियांना धर्माचा अधिकार काय, असा मुद्दा निघाला तेव्हा स्वामींचं उत्तर याच अर्थाचं होतं: पुरुषाचा जीव आणि स्त्रीचा जीव अशा दोन जाती नाहीत. मासिक पाळीच्या विटाळाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हा एक, त्याचा विटाळ धरायचं कारण नाही. आजही ज्या घरांत हे म्हणायची हिंमत होत नाही, त्यांना साडेसातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट सांगावीशी वाटते.

त्यांचे गुरू गोविंदप्रभू तर रिद्धपुरात वेड्यासारखे हिंडायचे. महारवाड्यात, मांगवाड्यात जायचे, कुणाच्याही घरात शिरायचे, मुलांत खेळायचे. विधिनिषेधाचे सगळे नेम या एका माणसाने मोडले, आणि ज्यांनी ते मोडताना पाहिलं त्यांनी त्यालाच आचरणाचा आदर्श मानलं.

स्वामी उत्तरापंथे निघून गेले ते साधारण १२७४ साली, असं मानलं जातं. त्याच वर्षी मार्च महिन्यात इटलीत थॉमस अ‍ॅक्वायनस वारला. त्यानेही ख्रिस्ती नीतीची उभारणी केली, पण प्रश्न, आक्षेप आणि उत्तर अशा काटेकोर लॅटिन कलमांतून, अ‍ॅरिस्टॉटलला हाताशी धरून. रिद्धपुरात त्यानंतर जे झालं त्याचा घाट अगदी वेगळा. म्हाइंभट हा शास्त्री, वादात पुढच्याला जिंकायला आला आणि शिष्य होऊन राहिला. स्वामींच्या मागे तो आठवणी गोळा करत पायी फिरला. कुणाला काय आठवतं, कुणासमोर काय घडलं, ते विचारून विचारून त्याने ‘लीळाचरित्र’ रचलं. मराठीतलं हे पहिलं चरित्र. त्यात सिद्धांत कमी आणि वागणं जास्त: स्वामी कसे बसले, काय जेवले, कुणावर रागावले, कुणाला पान दिलं. माझ्या मते इथेच आपल्या नीतिविचाराचं वेगळेपण आहे. आपल्या मराठीत नीती आली ती ‘अमुक वेळी ते असे वागले’ या रूपात. आज्ञा पाठ करावी लागते. वागणं आठवावं लागतं, आणि आठवताना ते मनात पुन्हा घडतं.

पंथातल्याच केशोबासाने स्वामींच्या वचनांचे सूत्रपाठ आणि ‘दृष्टान्तपाठ’ हे ग्रंथ सिद्ध केले. दृष्टान्तपाठात एकशे चौदा दृष्टान्त आहेत. त्यात हत्ती आणि आंधळे आहेत, बौद्धांच्या आणि जैनांच्या ग्रंथांतून हजार वर्षं चालत आलेले. ज्याच्या हाताला पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो. केशोबास संस्कृतचा पंडित. हे सारं संस्कृतात मांडावं असं त्याच्या मनात आलं, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्याला थांबवलं. असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, अशा अर्थाचं ते बोलले. मला हे वाक्य मध्ययुगीन नीतीतलं सर्वांत धाडसी वाक्य वाटतं. कुठल्या भाषेत लिहायचं हा निर्णय तोवर विद्वत्तेचा होता. नागदेवांनी तो न्यायाचा केला. भाषा बदलली तर कुणाचं तरी लुटलं जातं, हे त्यांना दिसलं.

स्वामी गेल्यानंतर सोळा वर्षांनी, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात, त्यात अहिंसा हा एक शब्द आहे. त्या एका शब्दावर ज्ञानेश्वर थांबतात आणि थांबूनच राहतात. मीमांसकांची अहिंसा ते आधी घेतात. पाऊस पडावा म्हणून पशुयाग करणं म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालणं, असा त्यांचा दाखला. आयुर्वेदालाही ते सोडत नाहीत. एका जीवाच्या औषधासाठी किती झाडांची सालं सोलायची, मुळं खणायची. आणि मग खरी अहिंसा कशी ओळखायची, तर पाऊल जमिनीवर कसं पडतं यावरून, नजर कशी वळते यावरून. मन आतून दयेने भरलं असेल तर ते हातापायांतून आपोआप बाहेर येतं. पाप हातात की मनात, या प्रश्नाला इतकं सुंदर उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही. ज्ञानेश्वरांचं तत्त्वज्ञान अद्वैताचं, चक्रधरांचं द्वैताचं, जैनांचं या दोघांहून निराळं, ईश्वर न मानणारं. मुळं तीन आणि तिघांच्या फांद्या एकाच मुंगीवर सावली धरतात.

मात्र नेमांचा पक्ष हरला असं कुणी समजू नये. कारंज्यातच, १३७८च्या सुमाराला, नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला. त्यांच्या नावाने सोळाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या गुरुचरित्रात ब्राह्मणाचा नित्याचार आहे, पतिव्रतेचा धर्म आहे, कोणत्या पापाने कोणता जन्म याची मांडणी आहे. राज्यं बदलली होती, देवगिरी पडून काळ लोटला होता, आणि भ्यालेल्या समाजाला नेमांचा आधार हवा होता. ते मी समजू शकतो. वाशिम जिल्ह्यातल्या किती तरी घरांत आजही गुरुचरित्राचा सप्ताह बसतो.

महानुभावांच्या पोथ्यांना वेगळंच नशीब लाभलं. धाडींत लीळाचरित्राची पहिली प्रत गेली, आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली. पुढे पंथाने ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत कोंडून घेतले. म्हाताऱ्या बायकांसाठी मराठीत ठेवलेलं धन पाचशेहून अधिक वर्षं बाकीच्या मराठी माणसांना वाचताच येत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीचं कोडं सुटलं. १९२५ साली यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ आलं, पुढे नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापलं आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत निघाली. आणि देशपांडे-नेन्यांच्या नेमक्या त्याच दशकांत कारंज्याची कपाटं उघडत होती. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तिच्यात कारंज्याची भांडारं आली. मग अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादिलेलं जसहरचरिउ, १९३२ साली सावयधम्मदोहा, पाठोपाठ इतर ग्रंथ. एकाच मुलखातल्या दोन बंद परंपरा, दोन्ही अहिंसेवर उभ्या, आणि दोन्हींची कुलुपं दहा-बारा वर्षांच्या आत निघाली. ससा आणि कोंबडा शेजारी शेजारी आले. तरी दोघांना एका बैठकीत वाचणारे वाचक आजही थोडे.

रायबहादूर हिरालाल यांचं नाव मला आणखी एका कारणासाठी हवं आहे. सूचीच्या दहा वर्षं आधी, १९१६ साली, रसेल यांच्याबरोबर त्यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. त्यात बंजाऱ्यांवर मोठं प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणात वऱ्हाडातल्या पोहरा गावी पुरलेल्या एका राठोडाची कथा आहे. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ती हीच, आणि ते संत सेवालाल महाराज, तांड्यांचे सेवाभाया. १७३९ हे त्यांचं जन्मसाल मानतात. लिखित कथा अशी, की देवीने त्यांना मागणी घातली आणि ते नाही म्हणाले. देवी कोपली, घरावर संकटं आली, शेवटी ते तिचे झाले. पण लग्न केलं नाही आणि सगळ्या बायकांचे ते भाऊ, म्हणून ‘भाया’. तांड्यांत सांगितल्या जाणाऱ्या एका कथेत नकाराचं कारण वेगळं येतं. देवीचं व्हायचं तर तिला बळी द्यावा लागणार, आणि सेवाभायांना जीव घ्यायचा नव्हता.

इथे मला यशोधर आठवतो. देवी तीच, मागणी तीच. फक्त या वेळी मध्ये पीठ आलं नाही. राजाने तडजोड केली, तांड्यातल्या तरुणाने सरळ नाही म्हटलं आणि त्याची किंमत भोगली. सेवालालांनी जसहरचरिउ ऐकलं असेल असं मला म्हणायचं नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलूख पालथा घालणाऱ्या माणसापाशी तो नकार कारंज्याच्या पोथीतून यायची गरजही नव्हती.

बंजाऱ्यांचा सगळा व्यवहार शब्दावर चालायचा. शेकडो बैल, गोण्यांत दुसऱ्याचा माल, महिनोन्‌महिन्यांची वाट, वाटेत जंगलं आणि लढाया. कागद नाही, साक्षीदार नाही. माल पोचला की नाही हे ज्याचा त्याने जाणायचं. अशा माणसांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट, शपथ. आणि त्या चार खंडांत नोंदवून ठेवलं आहे, की बंजारा ज्या शपथा घ्यायचा त्यांत सर्वांत पवित्र मानली जायची ती पोहऱ्याच्या या सेवाभायाच्या नावाने घेतलेली. रामनवमीला तिथे दूरदूरच्या तांड्यांतून माणसं येतात, नगारा वाजतो, आणि समाधीपाशी हात जोडून मनातलं जे बोलायचं ते हलक्या आवाजात, गोरबोलीत बोललं जातं.